लढाईच्या आधीची बिल्डिंग : घ्यावी का सोडावी?

वाचक विचारतात : घर, जागा, कागदपत्रं

ह्या वेळी जुन्या घरांचीच पत्रं जास्त आली म्हणून अख्खं पान त्यालाच दिलंय. घरातले वाद असतात, त्यामुळे नावं छापत नाही, फक्त गाव देतोय.

प्रश्न : मी धुळ्याचाच, नोकरी नाशिकला. वडील गेल्यापासून आई धुळ्यात भाड्याच्या घरात एकटी राहते. गल्ली नंबर चारच्या जवळ एका जुन्या बिल्डिंगचा वरचा मजला विकायला निघालाय. १९३८ ची बिल्डिंग आहे, दर्शनी भिंतीवर सिमेंटमध्ये साल काढलेलं आहे. खाली दोन दुकानं, वर तीन मोठ्या खोल्या, स्वयंपाकघर, मोरी आणि रस्त्याकडे लांब गॅलरी, साधारण ९०० फूट होईल. मालक बत्तीस लाख सांगतोय, अठ्ठावीसपर्यंत येईल असं वाटतं. मित्र म्हणतात वेडा आहेस का, एवढ्या पैशात देवपूरकडे लिफ्टवाला नवा फ्लॅट बघ. आई मात्र ऐकत नाही, "मना जीव तठेच शे" (माझा जीव तिथेच आहे) एवढंच म्हणते, तिचं माहेर त्याच गल्लीतलं. सिव्हिल इंजिनियर असलेला एक मित्र म्हणाला की एवढ्या जुन्या आरसीसीत काही उरलेलं नसतं. घ्यावं का? लोन होईल का? (धुळे)

उत्तर : दादा, घ्यायला माझी हरकत नाही, उलट मनापासून वाटतं की घ्यावं, पण एका प्रश्नाचं उत्तर कागदावर मिळेपर्यंत इसार म्हणून पाच हजार पण देऊ नका. प्रश्न असा की उद्या ही बिल्डिंग उतरवावी लागली तर तुमच्या हातात काय उरतं?

हे आधी का विचारतोय ते सांगतो. आज आपण फ्लॅट घेतो तेव्हा त्याच्यामागे कायदा असतो, १९६३ चा मोफा (बिल्डरने फ्लॅट विकण्याबद्दलचा कायदा), १९७० चा अपार्टमेंट ओनरशिपचा, नाहीतर सोसायटी. १९३८ ला ते दोन कायदे नव्हतेच, आणि अशा बिल्डिंगला सोसायटीही नसायची. तेव्हा एका शेठने एका प्लॉटवर स्वतःसाठी आणि भाड्यासाठी बिल्डिंग बांधली, जमीन एकाच्या नावावर, प्रॉपर्टी कार्ड एकच, आणि नंतर पोरांमध्ये मजले वाटले गेले, कधी तोंडी, कधी स्टॅम्पवर. आता त्यातला एक मजला तुम्हाला विकतायत. खरेदीखतात नुसतं "पहिला मजला, चतुःसीमा अमुक" असं लिहिलं आणि खालच्या जमिनीतला अविभाज्य हिस्सा लिहिलाच नाही, तर बिल्डिंग उभी आहे तोवर तुमचं घर, आणि ती उतरली की तुमच्या नावावर हवेतला चौकोन. नवीन बांधकामाच्या वेळी खालचे दुकानदार आणि जमीनमालक बोलणी करतील आणि तुम्हाला बाजूला बसवतील. म्हणून खरेदीखतात चार गोष्टी स्पष्ट शब्दांत पाहिजेत: जमिनीत किती हिस्सा, जिन्याचा आणि बोळीचा वापर कायमचा, गच्ची कोणाची, आणि पुढे पुनर्बांधणी झाली तर तुमचा हक्क किती. मालक म्हणेल "अहो एवढं कशाला, आम्ही काय पळून चाललोय", तरी लिहूनच घ्या. तो पळणार नाही, पण त्याची पोरं पुण्याला आहेत आणि त्यांना तुमचं तोंडही माहीत नाही.

दुसरं, वारस. जुन्या गल्लीतल्या घराला भेगा पडायच्या आधी हिस्से पडलेले असतात. सिटी सर्व्हे ऑफिसातून प्रॉपर्टी कार्ड काढा आणि फेरफार सुरुवातीपासून वाचा, नुसतं शेवटचं नाव बघू नका. वकील साधारण तीस वर्षांचा सर्च (जुन्या नोंदींचा शोध) काढतात, इथे मात्र जिथपर्यंत रेकॉर्ड जातं तिथपर्यंत मागे जा. प्रत्येक मयत माणसासमोर थांबा आणि विचारा, याची मुलं किती, मुली किती, बायको नंतर किती वर्षं होती, मुलींनी हक्क सोडला का, सोडला तर रजिस्टर केलाय का. मुलींची नावं कार्डावर नाहीत म्हणजे मुलींना हक्क नाही असा अर्थ होत नाही. आणि अख्खं घर अजून एकत्र कुटुंबाचंच असेल, वाटणी झालीच नसेल, तर ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी ॲक्टचं कलम ४४ नीट समजून घ्या: राहत्या एकत्र घरातला एका भावाचा हिस्सा बाहेरच्या माणसाने विकत घेतला तरी त्याला आत येऊन सगळ्यांबरोबर ताबा मागता येत नाही, आधी वाटणीचा दावा लावावा लागतो. पैसे देऊन दावा विकत घेण्यातला प्रकार आहे तो. मालक "आमची वाटणी झालीये" म्हणून स्टॅम्पपेपर दाखवेल. तो रजिस्टर केलेला नसेल तर मालकीचा पुरावा म्हणून कोर्टात त्याचा उपयोग नाही. आधी तोंडी वाटणी होऊन गेली आणि नंतर फक्त आठवण म्हणून लिहून ठेवलं असं असेल तर गोष्ट वेगळी, पण ते तुमच्या वकिलाला ठरवू द्या, मालकाच्या वकिलाला नको.

धुळ्यातल्या ह्या भागाबद्दल अजून एक सांगतो, बऱ्याच जणांना हे माहीत नसतं. १८१९ ला कॅप्टन ब्रिग्जने खानदेशचं ठाणं म्हणून धुळं निवडलं तेव्हा गॅझेटियरप्रमाणे इथे ४०१ घरं आणि २,५०९ माणसं होती, बस. त्याने बऱ्हाणपूर आणि इतर शहरांतून व्यापारी, कारागीर बोलावले, घर बांधायला जागा कायमच्या बिनभाड्याने दिल्या आणि चांगली घरं बांधावी म्हणून उचल पण दिली. सरळ रस्त्यांची नवी वस्ती तेव्हाची. लोक ह्या आखणीचं श्रेय विश्वेश्वरय्यांना देतात, ते १८८४ ला नोकरीला लागल्यावर खानदेशात होते हे खरंच आहे, पण नव्या धुळ्याचे रस्ते त्यांच्या जन्माच्याही आधीपासूनचे. आता ह्याचा तुमच्या खरेदीशी संबंध काय, तर प्रॉपर्टी कार्डावर सत्ता प्रकार नावाचा रकाना असतो. जागा पूर्ण मालकीची आहे, सरकारी भाडेपट्ट्याची आहे की कसल्या अटीवर दिलेली आहे ते तिथे कळतं. एका अक्षराचा मामला असतो, आणि ते अक्षर अडचणीचं निघालं तर सरकारची परवानगी आणि नजराणा, म्हणजे सरकारला भरायची रक्कम, आला. इसाराच्या आधी ते अक्षर बघून त्याचा अर्थ सिटी सर्व्हे ऑफिसातच विचारून घ्या.

जुने दस्त मोडीत निघतील, घाबरू नका. मोडी वाचणारा माणूस शोधा आणि पूर्ण लिप्यंतर करून घ्या, नुसता "सारांश" नको. राजवाडे संशोधन मंडळासारखी संस्था तुमच्या गावात आहे, मोडी कागदांचं काम तिथे किती वर्षं चालतंय, तिथे विचारलं तर जाणकाराचा पत्ता लागतोच. लिप्यंतरात "मुदत खरेदी" हे शब्द दिसले तर तिथे बोट ठेवून थांबा. त्या काळात सावकाराकडे घर गहाण टाकताना सरळ गहाणखत न करता मुदतीने परत द्यायच्या बोलीवर खरेदीच लिहून द्यायचे. ती परत फिरली का, पैसे फिटल्याची नोंद कुठे आहे, हे सापडलं पाहिजे. सापडलं की पेपरात जाहीर नोटीस द्या, दोन पेपरात द्या, त्यातला एक गल्लीत खरोखर वाचला जाणारा असू द्या.

आता बिल्डिंग. तुमच्या मित्राचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. १९३८ ला धुळ्यात बांधलेली बिल्डिंग आजच्यासारखी आरसीसी फ्रेमवर उभी असण्याची शक्यता कमी, बहुतेक वेळा चुन्यातल्या जाड विटांच्या भिंती सगळा भार घेतात आणि छत म्हणजे कुठे सागवानी कडीपाट (लाकडी कड्यांवर फळ्या), कुठे लोखंडी गर्डरवर फरशी, कुठे पातळ आरसीसी स्लॅब. तिन्हीची तब्येत वेगवेगळी असते, म्हणून "जुनं आरसीसी संपलं" असं एका वाक्यात निकाल लावता येत नाही. लढाईच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या, आधीच्या कामाचा एक फायदा असा की माल मिळत होता. १९३९ नंतर सिमेंट आणि लोखंड लढाईकडे गेलं, कंट्रोल आला, आणि मग बांधणाऱ्यांनी मिळेल ते वापरलं. गर्डर असतील तर वर हात पोचतो तिथला रंग थोडा खरवडून बघा, गर्डरच्या बाजूवर कारखान्याचं नाव उठावात असतं, टाटाचं असतं किंवा विलायतेहून आलेल्या डोरमन लाँगचं. नाव स्वच्छ वाचता आलं म्हणजे तिथे गंजाने लोखंड खाल्लेलं नाही, एवढं तरी समजतं.

सगळ्यात आधी बघायची जागा वरच्या मजल्यावर नाहीच. खालच्या दुकानात जा, तुमच्या मोरीच्या बरोबर खाली उभं राहा आणि मोबाईलची बॅटरी वर मारा. सत्तर-ऐंशी वर्षांचं पाणी तिथे मुरलेलं असतं. स्लॅब असेल तर तिथे सळई फुगून सिमेंटची खपली सुटलेली दिसेल, तांबडे डाग दिसतील. कडीपाट असेल तर कडीचं मधलं अंग कितीही चकचकीत असू द्या, तिची टोकं बघा, भिंतीत जिथे घुसतात तिथे. ओल तिथे बसते आणि लाकूड आतून भुसा होतं, बाहेरून कळत पण नाही. पेचकस घ्या आणि टोकाजवळ दाबून बघा. सागाच्या गाभ्यात पेचकस शिरत नाही, हाताला कडक लागतो, आणि वाळवीने खाल्लेल्या जागी लोण्यात शिरल्यासारखा आत जातो. मूठ आपटून आवाज पण ऐका, भरीव आणि पोकळ यातला फरक कानाला लगेच कळतो. दुकानदाराला हे करताना राग येईल, चहा पाजा त्याला.

भेगांबद्दल. आपल्याकडच्या काळ्या मातीमुळे जुन्या भिंतींना भेगा असतातच, पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आकसते, भिंत तिच्याबरोबर थोडी हलते. प्लास्टरवरच्या केसासारख्या उभ्या भेगांना मी भीत नाही. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी, विटांच्या पायऱ्या-पायऱ्यांनी जाणारी आणि आतून-बाहेरून दोन्हीकडे दिसणारी भेग असेल तर मात्र भीतो. मालक तयार असेल तर भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने दोन्ही टोकांना चिकटवा, तारीख लिहा आणि एक पावसाळा जाऊ द्या. काच तडकली तर भिंत अजून हलतेय. एवढा वेळ नाही म्हणत असेल तर निदान स्ट्रक्चरल इंजिनियरचा लेखी रिपोर्ट. तो तर लागणारच आहे, कारण महानगरपालिका कायद्याच्या कलम २६५-अ प्रमाणे तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करणं बंधनकारक आहे. कधी धोकादायक म्हणून कलम २६४ ची नोटीस आली होती का, तेही महापालिकेत जाऊन विचारा. मालकाला विचारू नका, तो नाहीच म्हणेल. आणि गल्ली पांझरेच्या बाजूची असेल तर जुन्या माणसांना पुराचं पाणी कुठल्या पायरीपर्यंत यायचं ते विचारा, १८७२ च्या पुराने शहराचं फार नुकसान केलं होतं, पाण्याची जुनी वाट पाणी विसरत नाही.

लोनचं सांगायचं तर बँक मंजूर नकाशा मागते आणि १९३८ चा नकाशा ना मालकाकडे असतो ना पालिकेत सापडतो. बँकेचा व्हॅल्युएशनवाला बिल्डिंगचं उरलेलं आयुष्य लिहितो आणि त्यापेक्षा जास्त मुदतीचं लोन बसत नाही. एखाद्या बँकेने नाही म्हटलं म्हणून घर वाईट असं समजू नका, पण पैशाची जुळवाजुळव लोन मिळणार नाही असं धरूनच करा. स्टॅम्प ड्युटी मनपा हद्दीत साधारण ६ टक्के धरा, आईंच्या नावावर घेतलं तर एक टक्का सवलत मिळते, रजिस्ट्रेशन एक टक्का पण तीस हजारांच्या वर नाही. आणि वायरिंग, नळ, मोरी, संडास हे सगळं नव्याने करायचंय असं गृहीत धरून मिस्त्रीकडून अंदाज घ्या आणि तो आकडा घेऊन भावाला बसा. लाकडी पट्टीवरची जुनी वायरिंग एसीच्या लोडला एक उन्हाळा पण टिकणार नाही.

देवपूरचा नवा फ्लॅट चांगला असेलही, मी त्याला नाव ठेवत नाही. पण मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा दीड फुटी चुन्याच्या भिंती आणि बारा फुटांचं छत असलेल्या खोलीत दुपारी बसून बघा, आणि मग चार इंची भिंतीच्या फ्लॅटमध्ये बसून बघा. शिवाय बाजार, दवाखाना, देऊळ, माहेरची माणसं हे सगळं आईंच्या पायाखाली आहे. एकट्या बाईला गल्लीत हाक मारणारं कोणीतरी असतं ही गोष्ट मी चौरस फुटात मोजत नाही, पण मोजतो नक्की. एकच गोष्ट खटकते, जिना. ह्या बिल्डिंगांचे जिने उभे असतात, पायरी उंच, हाताला धरायला एका बाजूने दोर नाहीतर काहीच नाही. आईंना भाजीची पिशवी हातात घेऊन दोनदा चढ-उतर करायला लावा, मालकाच्या समोर नको. त्यांच्या गुडघ्यांना ते जमत नसेल तर बाकी सगळं चांगलं असूनही घेऊ नका, त्याच गल्लीत तळमजला शोधा. पाणी किती दिवसांआड येतं आणि वर टाकी ठेवायला छत तयार आहे का, हेही त्याच दिवशी विचारून घ्या.

प्रश्न : मुलगा मुंबईत, दादरला नोकरी. शिवाजी पार्कजवळ जुन्या बिल्डिंगमध्ये पागडीची खोली मिळतेय, मालकीच्या फ्लॅटच्या निम्म्याहून कमी पैशात. एजंट म्हणतो बिल्डिंग सेसची आहे, 'अ' वर्गातली आहे, रिडेव्हलपमेंटला गेली की सोनं होईल. आम्ही जळगावचे, आम्हाला ह्यातलं काहीच कळत नाही. आयुष्याची पुंजी आहे. (जळगाव)

उत्तर : काका, एजंट खोटं बोलत नाहीये, अर्धं सांगतोय. मुंबई शहरात, म्हणजे जुन्या बेटावर, ज्या भाड्याच्या इमारतींवर दुरुस्तीसाठी उपकर, म्हणजेच सेस, लागतो त्यांचे तीन वर्ग आहेत आणि १ सप्टेंबर १९४० च्या आधी बांधलेल्या 'अ' वर्गात येतात. म्हणजे तीच आपली लढाईच्या आधीची बिल्डिंग. त्यांची दुरुस्ती म्हाडाचं मंडळ बघतं आणि पुनर्विकास विकास नियमावलीतल्या ३३(७) खाली होतो, त्यात जुन्या भाडेकरूला किमान ३०० चौरस फुटांची जागा मिळायची तरतूद आहे. एजंटचं सोनं म्हणतात ते हेच.

पण तुम्ही विकत काय घेताय? घर नाही. भाडेकरूपण घेताय. पागडी म्हणजे मोठी रक्कम देऊन कमी भाड्याचा हक्क घेणं, घर मालकाचंच राहतं. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५६ मुळे ही रक्कम देणं-घेणं आता कायद्यात बसतं, हे चांगलंच आहे, पण मालकाच्या लेखी संमतीशिवाय आधीच्या भाडेकरूने तुम्हाला परस्पर खोली दिली तर त्याला काडीची किंमत नाही, उलट तुम्हालाच बाहेर काढायचं कारण मालकाच्या हातात जातं. मालक आपला वाटा मागतो, प्रथा साधारण एक तृतीयांशाची आहे, तो वाटा भावात धरलाय का वरून द्यायचाय हे पहिल्या भेटीतच विचारा. तिघांच्या सह्यांचा रजिस्टर करार आणि तुमच्या मुलाच्या नावाची नवी भाडेपावती, ह्याच्या आधी पूर्ण पैसे नाहीत.

धुळ्याच्या दादांना जो प्रश्न दिला तोच तुम्हाला देतो. बिल्डिंग उतरली तर हातात काय? तुमच्या बाबतीत उत्तर असं की भाडेकरूंच्या यादीतलं नाव आणि नवी बिल्डिंग होईपर्यंत बिल्डर देईल तेवढं भाडं. म्हणून म्हाडाकडच्या यादीत आधीच्या भाडेकरूचं नाव आहे का, खोलीचं क्षेत्रफळ किती लिहिलंय, आधीच कुणा बिल्डरशी करार होऊन अडकलाय का, हे स्वतः जाऊन बघा. बिल्डिंग उतरवल्यावर तात्पुरतं ठेवतात त्या संक्रमण शिबिरात वर्षानुवर्षं काढलेली कुटुंबं मुंबईत कमी नाहीत.

तो भाग फार सुंदर आहे हे मात्र खरं. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ ला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, त्याने दादर-माटुंग्याला मोकळ्या वस्त्या आखल्या, आणि तीसच्या दशकात तिथे आणि शिवाजी पार्कला आर्ट डेको घरं उठली, गोल बाल्कन्या, मोठ्या खिडक्या, समुद्राचा वारा. मुलाला पंधरा वीस वर्षं तिथे स्वतः राहायचं असेल तर विचार करा. "पुढे सोनं होईल" एवढ्यासाठीच पुंजी लावत असाल तर नको, अजिबात नको. तुमच्या वयात पैसे अडकले तर परत कमवायला वेळ नसतो.

प्रश्न : माहेरचा वाडा विकायचा ठरलाय. वडील २००१ ला वारले. तिघे भाऊ, मी एकटी बहीण. भाऊ म्हणतात नोटरीकडे येऊन हक्कसोडवर सही कर, तुझ्या लग्नात खर्च केलाच होता. मला पैशाचा हव्यास नाही, पण दिवाळीला तरी माहेर राहावं एवढं वाटतं. सही करू का? (अमळनेर)

उत्तर : ताई, सही करायची का नाही हे तुमचं, पण आपण काय सोडतोय ते कळल्यावर करा. वाडा वडिलांच्या स्वतःच्या कमाईचा असेल आणि मृत्युपत्र नसेल तर आई, तिघे भाऊ आणि तुम्ही, सगळ्यांचा हिस्सा सारखा. वडिलोपार्जित असेल तर २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मापासून मुलाच्या बरोबरीची हिस्सेदार आहे, आणि वडील २००५ ला हयात असण्याची गरज नाही हे सुप्रीम कोर्टाने विनीता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलंय. २० डिसेंबर २००४ च्या आधी रजिस्टर वाटणी किंवा विक्री झाली असेल तर ती मात्र मोडत नाही. लग्नाचा खर्च म्हणजे हिस्सा दिला, असं कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नाही. आणि नोटरीच्या सहीने हक्क सुटत पण नाही, हक्कसोड रजिस्टर करावी लागते, म्हणजे उद्या घेणाऱ्याचा वकील अडवणारच आणि भावांना परत तुमच्याच दारात यावं लागेल.

तुम्हाला माहेर हवंय ना? मग पैशाऐवजी ते मागा. अशा वेळी वारसांपैकी कोणी आपला हिस्सा विकत असेल तर बाहेरच्याच्या आधी दुसऱ्या वारसाला घ्यायचा हक्क हिंदू वारसा कायद्याच्या कलम २२ मध्ये आहे. वाड्याचा पुढचा सोपा (ओसरी) आणि एक खोली तुमच्या हिश्शात येते का, का एखादा भाऊ ठेवायला तयार आहे आणि बाकीचे पैसे घेतील, हे आधी घरात बसून बोला. आई असतील तर त्यांच्यासमोर बोला. भावांवर दावा लावा असं मी सांगत नाहीये, पण घाईने सही करून आयुष्यभर हुरहूर लागण्यापेक्षा एकदा तोंड उघडलेलं बरं.

प्रश्न : नवी पेठेत जुनं घर घेतोय, खाली साठ वर्षांपासूनचा भाडेकरू आहे, भाडं ऐंशी रुपये. मालक म्हणतो तुम्ही घ्या, तो आपोआप निघेल. (जळगाव)

उत्तर : निघणार नाही. घर विकलं तरी भाडेकरू तसाच राहतो, फक्त भाडं घेणारा बदलतो. भाडं वर्षाला ४ टक्क्यांनी वाढवता येतं, म्हणजे ऐंशीचे त्र्याऐंशी. काढायचं तर कायद्यातलं एखादं कारण कोर्टात सिद्ध करावं लागतं, स्वतःच्या खऱ्या गरजेचं, भाडं थकवल्याचं वगैरे, आणि त्यात वर्षं जातात. भाडेकरू असतानाचा भाव लावा, रिकाम्या घराचा नाही, किंवा मालकाला सांगा की आधी तुम्ही त्याच्याशी तडजोड करून ताबा मोकळा करा, मग आम्ही येतो. आणि त्या माणसाशी एकदा स्वतः बोला, साठ वर्षं तिथे असलेला माणूस शत्रू नसतो, योग्य पैसे समोर ठेवले तर बरेच जण ऐकतात.

प्रश्न : पारोळ्याजवळ आजोबांचं धाब्याचं (मातीच्या सपाट छपराचं) घर आहे, पांढऱ्या मातीच्या भिंती, सागाचे खांब. दरवर्षी गळतं. मिस्त्री म्हणतो वरून कोबा (सिमेंटचा थर) टाकू आणि भिंतींना सिमेंट प्लास्टर मारू, कायमची कटकट जाईल. (पारोळा)

उत्तर : दोन्ही करू नका. कोब्याचं वजन त्या कड्यांसाठी नाही, आणि कोब्याला बारीक तडा गेला की पाणी आत शिरतं, दिसत नाही आणि लाकूड वर्षभर ओलं राहतं. मातीच्या भिंतीला सिमेंट लावलं तर जमिनीतून चढलेली ओल बाहेर पडायला जागा राहत नाही, दोन-तीन पावसाळ्यांत प्लास्टर पापडासारखं सुटतं आणि जाताना माती घेऊन जातं. भिंतीला मातीचा नाहीतर चुन्याचा गिलावा करा. धाब्यावर मे संपायच्या आत जुना थर खरवडून नवी खारी माती पसरा, धोपटून बसवा, उतार पन्हाळीकडे ठेवा आणि पन्हाळीचं तोंड भिंतीपासून हातभर पुढे काढा, कारण निम्मं गळणं वरून नसतंच, पन्हाळीचं पाणी भिंतीवरून आत येत असतं. खारी टाकणारी माणसं आता कमी उरलीत, गावात कोणी म्हातारा असेल तर ह्याच वर्षी त्याच्याकडून पोरांना शिकवून घ्या. वर कायमचं काही हवंच असेल तर धाब्याच्या वर वेगळ्या आधारावर हलके पत्रे टाका, मधून वारा फिरू द्या, त्याचं वजन कड्यांवर येऊ देऊ नका.